वर दिवस, पाण्यात रात्र

सकाळी साडेसहा. खिडकीचा पडदा ओढायचा, मॉनिटर सुरू करायचा आणि पुढचा अर्धा तास त्याच्याकडे बघायचं नाही. तापून स्थिरावेपर्यंत त्याच्या रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. खोलीच्या भिंती मी राखाडी करून घेतल्या आहेत, कारण पिवळ्या भिंतीसमोर बसलं की डोळा निळ्याला जास्त निळा समजतो. सासूबाईंना हा रंग अजून पटलेला नाही. ‘अगं, घर आहे का गोदाम?’ असं त्या आठवड्यातून एकदा तरी विचारतात.

सात. स्क्रीनवर कॅलिब्रेटर टेकवून मोजमाप. पांढरा ६५०० केल्विनवर, उजेड १०० नीट्सच्या जवळपास. दुकानातून आणलेला मॉनिटर याच्या दुप्पट-तिप्पट उजळ असतो. त्यावर केलेलं चित्र छापून आलं की काळवंडलेलं दिसतं आणि बोलणी प्रेसवाल्यांना बसतात.

आजचं काम एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं. संपादकबाईंची मागणी, ‘स्वप्नातलं वाटलं पाहिजे, पण आपलं वाटलं पाहिजे.’ जुलैत पवन मावळात काढलेली रॉ फाइल उघडते. भाताची आवणी नुकतीच उरकलेलं खाचर, रोपं अजून माना टाकून उभी, पुढे एक वळणदार बांध, मागे शंकूच्या आकाराचा तुंग. वर पावसाळी आभाळ, एकसारखं राखाडी. फोटो म्हणून यात काही विशेष नाही, म्हणूनच तो माझ्या कामाचा. आभाळ तसंच ठेवायचं. फक्त खाचराच्या पाण्यात रात्र आणायची, ताऱ्यांसकट.

ही कल्पना अगदी माझ्या घरची नव्हे. रने माग्रीत या बेल्जियन चित्रकाराने वर दुपारचं निळं आकाश आणि खाली दिवा लागलेली रात्रीची गल्ली असं चित्र १९४९ नंतरच्या वर्षांत पुन्हा पुन्हा रंगवलं. त्यातलं घर, झाड, दिवा सगळं नेहमीचं. बिघडलेली आहे ती फक्त वेळ. निसर्गचित्राला अतिवास्तव करण्याचा माझा सगळा हिशेब तिथूनच येतो. थाप एकच मारायची आणि बाकी सगळं प्रामाणिक ठेवायचं. जांभळं आभाळ, त्यात दोन चंद्र, तरंगता डोंगर आणि वर उडणारा देवमासा असलं एकत्र केलं की बघणारा कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि विश्वासच नसेल तर दचकणार कसा?

साडेसात. रॉमध्ये फार काही करत नाही. कॉन्ट्रास्ट थोडा कमी, झाडांतला पिवळेपणा किंचित खाली, आणि फाइल १६ बिटमध्ये फोटोशॉपला. ८ बिटमध्ये गडद निळ्याचे उतार ओढले की त्यात पट्टे पडतात, आणि आज तर सगळा जीव गडद निळ्यातच आहे.

साडेआठ ते अकरा, मास्क. या कामाचं कौतुक कोणी करत नाही आणि चित्र बहुतेक वेळा इथेच फसतं. पाणी वेगळं काढायचंय, पण पाण्यात हजारो रोपं, प्रत्येकाची पात केसाएवढी. पेनने कापायला बसलं तर दिवाळी उलटून जाईल. म्हणून चॅनेल बघायचे. हिरवं पान निळा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये रोपं जवळजवळ काळी दिसतात; पाण्यात ढगाळ आभाळ उतरलेलं, म्हणून ते तिथेच पांढरं. म्हणजे अर्धा मास्क कॅमेऱ्यानेच जुलैत काढून ठेवला होता. निळ्या चॅनेलची प्रत घ्यायची, लेव्हल्स दोन्ही टोकांनी आत ढकलायच्या आणि बांधाचा चिखल, झाडांची रांग वगैरे ब्रशने झाकायचं. पातींच्या कडा मात्र पूर्ण काळ्या-पांढऱ्या करायच्या नाहीत. तिथला थोडा राखाडी राहू दिला तर पात पाण्यात उभी वाटते, नाहीतर ती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते.

मदतीला येणारा मुलगा म्हणाला, ‘ताई, हे एआय एका क्लिकमध्ये करतं की.’ करतं. २०२० पासून फोटोशॉपमध्येच आकाश बदलायची सोय आली आहे आणि डोंगराची कड ती बऱ्यापैकी पकडते. पण मला आकाश बदलायचंच नाहीये. आकाश तेच ठेवून त्याचं प्रतिबिंब बदलायचंय, आणि त्यासाठी तसलं बटण नाही.

अकरा. बाईंचा फोन. ‘तारे भरपूर टाका हं, दिवाळी आहे.’ मी ‘बघते’ म्हणते. बाई अनुभवी आहेत. ‘बघते’चा अर्थ त्यांना कळतो.

सव्वाअकरा. तारे भंडारदऱ्याचे. फेब्रुवारीअखेर पहाटे आकाशगंगेचा मधला, दाट भाग आग्नेयेला वर येतो, तेव्हा काढलेले. पावसाळ्यात संध्याकाळनंतरच तो भाग दक्षिणेला वर असतो, पण ढगांमागे. एका ठिकाणचं आकाश दुसऱ्या जमिनीला जोडणं हे फोटोग्राफीत काही नवं नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकातच समुद्राची निगेटिव्ह वेगळी आणि ढगांची वेगळी घेऊन एकाच कागदावर छापत असे. त्याला नाइलाज होता. त्या काळच्या कोलोडियन काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील, त्यामुळे समुद्र नीट यावा इतका वेळ दिला की आभाळ कोरं पांढरं होऊन जायचं. लोकांना दिसला तो खराखुरा समुद्र.

मी भंडारदऱ्याचं आकाश उलटं करून पाण्यावर ठेवते. इथे पाण्याचे नियम पाळावे लागतात. लांबच्या पाण्यात क्षितिजाजवळचं आकाश दिसतं आणि पायाजवळच्या पाण्यात उंचावरचं. म्हणून आकाशगंगेचा पट्टा तुंगाच्या प्रतिबिंबाजवळून सुरू होऊन बघणाऱ्याकडे यायला हवा, आणि जिथे तुंगाचं प्रतिबिंब आहे तिथे एकही तारा नको. दुसरा नियम जास्त त्रासाचा. सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतं. जितकं तिरकं बघावं तितकं जास्त. म्हणजे लांबचं पाणी आरसा आणि पायाजवळचं पाणी म्हणजे मुख्यतः खालचा चिखल. बाईंना तारे नेमके तिथेच हवे आहेत, कारण तिथे अंकाचं नाव येणार नाही. मी चिखलाची बाजू घेते. तळाच्या बाजूला तारे विरत जातात आणि त्यांच्यातून गढूळ तपकिरी दिसायला लागतो. चित्र एकदम खरं वाटतं ते तिथून पुढे.

दीड. जेवण. आमच्या आजोळच्या फोटो स्टुडिओत मागे पडदा असायचा. त्यावर तळं, तळ्यात हंस, मागे बर्फाचा डोंगर आणि कडेला संगमरवरी कठडा. पुढे नऊवारीतली आजी खुर्चीत ताठ. तिने बर्फ कधी पाहिला नव्हता. मला तो अजूनही महाराष्ट्रातला सगळ्यात धाडसी अतिवास्तव प्रकार वाटतो, आणि तो गावोगावी होता.

सव्वादोन. तरंग. तारे टिपके म्हणून राहिले तर पाण्यावर रांगोळी सांडल्यासारखी दिसते. मूळ फोटोतल्या पाण्याची काळी-पांढरी प्रत धूसर करून डिस्प्लेस फिल्टरला नकाशा म्हणून देते. जिथे तरंग तिथे तारा सरकतो. मग उभ्या दिशेने थोडा मोशन ब्लर, कारण हलत्या पाण्यात प्रकाशाचा ठिपका बघणाऱ्याच्या दिशेने लांबतो. बारीक तारे यात मरतात आणि ते मरायलाच हवेत. फक्त ठळक उरतात. तासाभरापूर्वी जमवलेलं अर्धं आकाश असं आपणच पुसायचं.

पावणेचार. आता पाणी काळं-निळं झालंय, पण रोपांच्या बुडांवर अजून दुपार आहे. प्रत्येक पातीचा खालचा भाग थोडा गडद, थोडा निळसर करायचा, वरचं टोक तसंच पावसाळी हिरवं. बांधाची पाण्याला टेकलेली कडही तशीच. कर्व्हचा एक लेयर, मल्टिप्लाय, आणि टॅब्लेटवर हलक्या हाताने ब्रश. संगणक येण्याआधी अमेरिकेतला जेरी उल्समन हेच काम अंधाऱ्या खोलीत करायचा. ओळीने अनेक एन्लार्जर मांडलेले, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह, आणि एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत तो झाडं हवेत तरंगवायचा. कडा विरघळवण्यासाठी हाताची सावली धरायचा. अनडू नव्हतं. फोटोशॉपमध्ये लेयर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. उल्समनची गाजलेली चित्रं त्याच्या कितीतरी आधीची.

पाच. चहा. चित्र आडवं पलटून बघते. सवयीने न दिसणाऱ्या चुका उलट्या चित्रात दिसतात. झाडांच्या रांगेखाली एक तारा चुकून राहिला होता. तो काढला.

साडेपाच ते सात, छपाईची तयारी. स्क्रीनवरचा खोल निळा चार शायांना पेलत नाही. तो जांभळट आणि मळका होतो. प्रूफ सेटअप लावून बघते आणि निळा मीच आधी थोडा हिरवटाकडे वळवते. काळ्या जागी चारही शाया मिळून ३०० टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही, नाहीतर कागद ओला राहतो आणि मागच्या पानाला डाग लागतात. तारे मात्र कोरे कागद ठेवते. चार शायांच्या छपाईत पांढऱ्यासाठी दुसरं काही नसतंच.

सव्वासात. फाइल पाठवली. दहा मिनिटांत बाईंचा फोन. चित्र आवडलंय, तारे कमी आहेत याबद्दल एक शब्द नाही. अडलंय ते आतल्या पानावरच्या ओळीवर. मी लिहून दिलंय, ‘मूळ छायाचित्र पवन मावळ, पाण्यातलं आकाश भंडारदरा, संगणकावर जोडलेलं.’

‘अहो, ही ओळ काढूया का? लोकांची मजा जाते.’

मी त्यांना लोणारची आठवण करून दिली. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी खरोखर गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले. आपल्या पुण्यातल्या आघारकर संस्थेच्या तपासणीतही तेच निघालं. तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी मला मेसेज करून विचारलं होतं, ‘हे कोणी एडिट केलंय?’ जोडकाम करणाऱ्यांनी आपलं जोडकाम सांगितलं नाही तर पुढच्या वेळी खऱ्या लोणारची पंचाईत होते.

‘म्हणजे ओळ राहणार?’

‘राहणार. नाहीतर चित्र मी परत घेते.’

बाई हसल्या. ‘बरं बाई, राहू दे. आठ पॉइंटात बसवते. आणि बिल आजच पाठवा, अकाउंट्सवाले उद्यापासून सुट्टीवर आहेत.’