जहाजावर चढायचे कधी? क्रूझला जाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी

सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजाने मुंबईहून गोवा व लक्षद्वीपच्या सफरी सुरू केल्या. तेव्हापासून क्रूझ हा शब्द आपल्याकडील लहान शहरांतल्या पेठांतही ऐकू येऊ लागला आहे. रंग, टाइल्स, सिमेंट, विजेचे सामान अशा धंद्यांत वर्षाचे ठरलेले उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या विक्रेत्याला कंपन्या सफर बक्षीस देतात. काही बांधव स्वतःच्या खर्चाने कुटुंबालाही नेतात. तिकीट हाती पडले की पहिला प्रश्न येतो: बंदरावर किती वाजता पोहोचायचे? प्रश्न साधा दिसतो, पण तो चुकला तर सगळे पैसे बुडतात. म्हणून त्याचा हिशेब येथे मांडत आहोत.

प्रथम जहाजाचा दिवस कसा असतो ते समजून घ्यावे. बहुधा ज्या दिवशी आपण चढणार, त्याच दिवशी सकाळी ते जहाज आधीची सफर संपवून बंदराला लागलेले असते. जुने प्रवासी उतरतात, त्यांचे सामान निघते, शेकडो केबिन झाडून चादरी बदलल्या जातात, धान्य, भाजीपाला आणि इंधन भरले जाते. हे सारे सात-आठ तासांत उरकून संध्याकाळी जहाज पुन्हा सुटते. त्यामुळे पहाटेच बंदरावर जाऊन बसण्यात अर्थ नाही. चेक-इनच्या खिडक्या साधारणपणे दुपारच्या सुमारास उघडतात आणि केबिन त्यानंतर मिळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तिकिटावर छापलेली वेळ ही जहाज सुटण्याची असते, आपण पोहोचण्याची नव्हे. चेक-इन त्यापूर्वी तास-दीड तास, कधी त्याहूनही आधी बंद होते. कारण प्रवाशांची अंतिम यादी अधिकाऱ्यांना द्यायची असते आणि सुटण्यापूर्वी आणीबाणीची कवायतही उरकायची असते. या कवायतीचा नियम कडक होण्यामागे एक अपघात आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती, कारण जुन्या नियमानुसार त्यासाठी २४ तासांची मुदत होती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. म्हणून उशिरा आलेल्या एकट्यादुकट्यासाठी जहाज थांबत नाही.

आता लवकर की उशिरा? लवकर चढणाऱ्याला दुपारचे जेवण जहाजावरच मिळते. ते बहुधा भाड्यातच धरलेले असते, म्हणजे बाहेर हॉटेलात खर्च करण्याचे कारण उरत नाही. गर्दी होण्याआधी जहाज नीट पाहून होते. तोटा एवढाच की केबिन तयार होईपर्यंत हातातली पिशवी सांभाळत फिरावे लागते. म्हाताऱ्या आईवडिलांना किंवा तान्ह्या मुलाला हे जड जाते. उशिरा येणाऱ्याला रांग लहान मिळते आणि केबिन तयार असते, पण हाताशी वेळ शिल्लक राहत नाही. आमच्या मते वृद्ध बरोबर असतील तर मधली वेळ, नाहीतर लवकरची वेळ घ्यावी. शेवटचा तास कोणीच घेऊ नये. अनेक कंपन्या संगणकावर आगाऊ चेक-इन करताना येण्याची वेळ नेमून देतात. तशी वेळ दिली असेल तर तीच पाळावी. त्याआधी गेल्यास फाटकाबाहेर उभे राहावे लागू शकते.

बाहेरगावच्या बांधवांनी पुढील हिशेब करावा. समजा, जहाज पाचला सुटते आणि चेक-इन साडेतीनला बंद होते. आपली गाडी बाराला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येणार आहे. बॅलार्ड पियर तेथून जवळच आहे, म्हणून साडेतीन तास पुष्कळ वाटतात. पण गाडी तीन तास उशिरा आली तर तीन वाजतात. टॅक्सी, फाटक आणि तपासणी यांत अर्धा तास गेला की खिडकी बंद! जहाज चुकले तर भाडे सहसा परत मिळत नाही, आणि पुढच्या बंदरावर ते गाठायचे म्हटले तरी कंपनीची परवानगी लागते. तेव्हा गाडीची नेमकी वेळ आणि चेक-इन बंद होण्याची वेळ यांत किमान पाच तासांचे अंतर नसेल, तर आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम करावा. एका रात्रीचे लॉजचे भाडे आणि कुटुंबाची पूर्ण तिकिटे, यांत कोणता तोटा परवडतो हे व्यापाऱ्याला सांगायला नको. १९९५ पर्यंत मुंबईहून हजची जहाजे जात. तेव्हा आपले वडीलधारे काही दिवस आधीच येऊन मुसाफिरखान्यात उतरत, ते याच हिशेबाने.

सफर शुक्रवारी सुटत असेल तर जुम्याची वेळ नेमकी चेक-इनच्या गर्दीत येते. नेमून दिलेली वेळ पाहून शहरातच नमाज अदा करून निघायचे की कसे, हे आदल्या दिवशीच ठरवावे. मोठे सामान फाटकावर हमालांकडे द्यायचे असेल तर त्यावर केबिन क्रमांकाची चिठ्ठी लावावी.

सामानाबद्दल एवढे ध्यानात ठेवावे. फाटकावर दिलेली बॅग केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून औषधे, ओळखपत्र, तिकीट, पैसे आणि मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत असावेत. परदेशाची सफर असेल तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, हे महिनाभर आधी पाहावे. इस्त्री, मेणबत्ती आणि सुरी जहाजावर नेऊ देत नाहीत. कारागीर बांधवांनी पिशवीत राहिलेली कात्री किंवा पटाशी घरीच काढून ठेवावी, नाहीतर तपासणीत वेळ जातो आणि अवजार अडकते ते वेगळेच.

थोडक्यात, तिकीट हाती येताच त्यावर दोन वेळा शोधाव्यात: चेक-इन उघडण्याची आणि बंद होण्याची. त्या छापलेल्या नसतील तर एजंटाकडून लेखी घ्याव्यात. जहाज सुटण्याची वेळ कप्तानाने पाहावी, आपण चेक-इन बंद होण्याची पाहावी.