किती वेळ खेळलास, एवढंच विचारलं

२०१८ मध्ये पबजी हा गोळीबाराचा गेम मोबाइलवर आला आणि बघता बघता कुडाळच्या घराघरांत शिरला. तेव्हापासून आपण पोरांना एकच विचारत आलो, किती वेळ खेळलास? खेळताना मनाचं काय होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

बाहेर मात्र तो प्रश्न आधीच पडला होता. डेन्मार्कचा ॲस्ट्रॅलिस हा ‘काउंटर-स्ट्राइक’ या व्हिडिओ गेमचा संघ मोठ्या सामन्यांत ऐनवेळी ढेपाळायचा. २०१६ मध्ये त्यांनी फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ मिया स्टेलबर्ग यांना सोबत घेतलं आणि जानेवारी २०१७ मध्ये अटलांटात या खेळातली ‘मेजर’ ही मोठी स्पर्धा जिंकली. एका विजयाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरं. पण २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या चिचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी याच खेळातल्या सात अव्वल खेळाडूंशी बोलून ताणाची ५१ कारणं नोंदवली. त्यांत गर्दीसमोर खेळण्याचं दडपण होतं, तसंच साथीदारांशी बोलण्यात होणारा गोंधळही.

तो गोंधळ मी इथे कुडाळात पबजी खेळणाऱ्या पोरांत पाहिलाय. चौघांचा स्क्वॉड, म्हणजे संघ; शेवटचा झोन, म्हणजे आकसत आलेलं मैदान; एक जण नॉक, म्हणजे गोळी लागून पडलेला. शत्रू कुठे आहे ते सांगायचं सोडून तो ओरडतो, “मेल्या, कव्हर कित्याक नाय दिलंस?” ज्याला बोल लागला तो रागाने एकटाच रश करतो, शत्रूवर धावून जातो. अर्ध्या मिनिटात चौघंही खेळाबाहेर, लॉबीत. बोटं सगळ्यांची तयार होती, मन नव्हतं.

नाशिकचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम पोलीस सेवेतून निवृत्त होऊन अंजली भागवतसारख्या नेमबाजांच्या मनावर काम करत राहिले. ते २०१७ मध्ये गेले. चुकलेली गोळी मनातून काढून पुढच्या गोळीवर यायचं, हे नेमबाजाला जितकं लागतं तितकंच या पोरांना. आपल्याच राज्यात ही विद्या होती, ती मोबाइलपर्यंत पोचली नाही.

मधल्या काळात सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, २०२२ मध्ये तीही गेली, २०२३ मध्ये परतली. गेमिंगचा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आला, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं ही त्याची लक्षणं. तसं पोर असेल तर त्याला उपचारच हवेत. पण २०२२ च्याच डिसेंबरमध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेतले व्हिडिओ गेम, क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं. खेळ मानलाय, तर खो-खोत हरलेल्या पोराला क्रीडाशिक्षक शेजारी बसवून विचारतात तसं यांनाही विचारायला हवं : शेवटच्या झोनमध्ये तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?