कौआई बेटावरची फेरतपासणी

बालपणी ज्याच्या वाट्याला मारहाण, उपासमार, मद्यासक्त पिता किंवा मनोरुग्ण माता यांचा सहवास आला, त्याच्या आयुष्याचा निकाल विशीच्या आतच लागून गेला, असे मानण्याकडे विद्वानांचा व सामान्यांचाही कल दीर्घकाळ होता; कारण रुग्णालये, सुधारगृहे आणि न्यायालये यांच्या दफ्तरी ज्यांची नावे दाखल झाली, त्यांच्याच कैफियतींवरून अनुमाने बांधली जात, आणि तशाच घरांतून निघून जी माणसे निमूटपणे संसाराला लागली, त्यांची नोंद कोठेच होत नसे.

हा दोष टाळावयाचा, तर माणसाच्या मागोमाग त्याच्या जन्मापासूनच चालावे लागते. हवाई द्वीपसमूहातील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांच्या बाबतीत नेमके हेच घडले. महायुद्धकालीन जर्मनीत वाढलेल्या एमी वर्नर आणि त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ यांनी या बालकांची पहिल्या, दुसऱ्या, दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी पाहणी केली. त्यांतील २०१ मुलांवर वयाची दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच दारिद्र्य, जन्मसमयीची गुंतागुंत, गृहकलह, आईबापांचे व्यसन अथवा मनोविकार यांपैकी चार वा अधिक आपत्ती कोसळल्या होत्या. आणि तरीही त्यांपैकी ७२ मुले कर्तबगार निघाली, याचा बोभाटा पुढे पुष्कळ झाला.

मला मात्र उरलेल्या १२९ जणांचे वृत्त अधिक मोलाचे वाटते. अठराव्या वर्षी कोणी गुन्ह्यात सापडलेला, कोणी मनाने खचलेला, कोणी कोवळ्या वयात माता होऊन शाळेला मुकलेली. आणि तरीही बत्तिसाव्या व चाळिसाव्या वर्षी पाहावे, तो त्यांतील बहुतेक सावरलेले! कोवळ्या वयात माता झालेल्यांपैकी कित्येकींनी मूल व नोकरी सांभाळून, वर्गातील इतरांपेक्षा वयाने थोराड दिसण्याचा संकोच गिळून पुन्हा शिक्षण घेतले. इतरांना सैन्यातील नोकरीने, स्थिरबुद्धीच्या जोडीदाराने, धर्मसमुदायाच्या आधाराने, तर काहींना जीवघेण्या दुखण्यातून उठल्यावर वळण लागले. मानसोपचारांचा लाभ फार थोड्यांना झाला. पण त्यावरून ते उपचार निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण आघातोत्तर ताणविकाराला (पीटीएसडी) अमेरिकेच्या अधिकृत रोगसूचीत स्थान मिळाले तेच मुळी १९८० साली, म्हणजे ही मुले पंचविशीला आल्यावर.

या साऱ्या वाटांत समान काय, याचा थोडा उलगडा मेंदूविज्ञान करते. भयाची स्मृती सहसा पुसली जात नाही. जेथे पूर्वी इजा झाली तेथे आता ती होत नाही, हा अनुभव वारंवार आला म्हणजे निर्भयतेचे नवे शिक्षण त्या जुन्या स्मृतीशेजारी उभे राहते, आणि मेंदूच्या पुढील भागातील केंद्रे भयकेंद्राला आवर घालू लागतात. उपचारक सुरक्षित सोबतीत, बेताबेताने जुन्या प्रसंगाला सामोरे जावयास लावतो, त्यामागचे एक तत्त्व हेच. आणि न रागावणाऱ्या जोडीदाराच्या घरात वर्षानुवर्षे तोच पाठ नकळत गिरवला जात असावा.

मात्र प्रौढपणी सावरणे म्हणजे जन्मघराशी समेट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ‘आईबापच ते, विसरून जा’ असे आपल्याकडे वडीलधारे सहज बजावतात. कौआईत तर संकटांतून नीट बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांनी, ज्या आप्तांचे प्रश्न त्यांनाही पुन्हा गिळू पाहत होते, त्यांच्यापासून मनाने जाणूनबुजून अंतर राखलेले आढळले, आणि त्या अंतरात मला कृतघ्नतेचा लवलेशही दिसत नाही.