फूटपाथ सहा फुटी, चालायला दोन फूट

आंबिवलीला लोकल थांबली की स्टेशनबाहेरचा रस्ता माणसांनी भरून जातो. मोहने, अटाळीकडे निघालेले काहीजण रिक्षा धरतात, काही पायीच निघतात. घर ते स्टेशन जाऊन-येऊन रोज पंचवीस मिनिटे भरभर चालणे झाले, तर सहा दिवसांत दीडशे मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगते. त्यासाठी जिम नको, पण चालायला जागा हवी.

ती किती? इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार निवासी भागात किमान १.८ मीटर, म्हणजे साधारण सहा फूट. आणि तीही मोकळी. विजेचा खांब, झाडाचा कट्टा, उभी दुचाकी वजा करून उरते ती खरी रुंदी. कागदावरचे सहा फूट मग दोनावर येतात! उंचीही रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघे दुखणारा माणूस फूटभर उंच पायरी टाळतो आणि वाहनांमधून चालतो.

तिथे प्रश्न वेगाचा. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी आठ मीटर पुढे येते, ५० ची चौदा मीटर. म्हणून स्टेशन, शाळा, बाजारासमोर नुसते पांढरे पट्टे पुरत नाहीत. क्रॉसिंगच फूटपाथच्या पातळीला उचलून बांधले, की गाडीला वेग कमी करावाच लागतो आणि काठी टेकत जाणाऱ्याला चढ-उतार उरत नाही.