दिव्यांच्या अवसेला ग्रहण

आकाशाचं वेळापत्रक : लेखांक १४

२ ऑगस्ट २०२७. वार सोमवार, तिथी आषाढ अमावास्या. आपल्याकडे समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडायचा दिवस. त्याच दुपारी, आपल्या घड्याळात साडेतीन वाजून गेलेले असताना, इजिप्तमधल्या लक्सरवर चंद्राची सावली पोचेल आणि सहा मिनिटांहून जास्त वेळ सूर्य पूर्ण झाकलेला राहील. या ग्रहणातली खग्रास स्थिती जास्तीत जास्त ६ मिनिटं २३ सेकंदांची आहे. एवढी लांब खग्रास स्थिती यानंतर थेट २११४ मध्ये. ज्यांना जायचं आहे त्यांची नाईलकाठच्या हॉटेलांसाठीची शोधाशोध कधीच सुरू झाली आहे.

मला मात्र या ग्रहणाचं कौतुक वेगळ्या कारणासाठी आहे. हे ग्रहण आपल्या ओळखीचं आहे. २२ जुलै २००९ ला सुरतेवरून, इंदूर-भोपाळवरून, वाराणसी-पाटण्यावरून जी सावली गेली, तिचाच हा पुढचा फेरा. त्या सकाळी वाराणसीत दिसलं. सुरतेत आणि बिहारमधल्या तारेगनात जमलेल्यांच्या वाट्याला ढग आले. सूर्योदयानंतर थोड्याच वेळात लागलेलं ग्रहण, तेही ऐन पावसाळ्यात. दुसरं काय होणार! आणि तेव्हाही दिव्यांचीच अमावास्या होती.

हा योगायोग वाटतो, पण तो बराचसा हिशेबातून आलेला आहे. ग्रहणाला तीन गोष्टी जुळाव्या लागतात, हे आपण मागे पाहिलं. अमावास्या हवी. त्या वेळी चंद्र राहू किंवा केतू या पातबिंदूजवळ हवा. आणि सूर्य पूर्ण झाकायचा तर चंद्र पृथ्वीच्या पुरेसा जवळ हवा, नाहीतर कंकणाकृती ग्रहण होतं. या तिन्ही फेऱ्यांचे कालावधी वेगवेगळे. पण २२३ अमावास्या होतात तेवढ्यात चंद्राच्या पातबिंदूपासून पातबिंदूपर्यंत २४२ फेऱ्या होतात आणि पृथ्वीच्या निकट बिंदूपासून निकट बिंदूपर्यंत २३९. तिन्ही गुणाकार ६५८५ दिवसांच्या जरासे पुढे येऊन थांबतात आणि त्यांच्यात फरक उरतो तो काही तासांचाच. म्हणजे १८ वर्षं, ११ दिवस आणि जवळजवळ आठ तासांनी सूर्य, चंद्र आणि पातबिंदू पुन्हा तशाच मांडणीत येतात. वर्षाचा ऋतूही तोच असतो, त्यामुळे सूर्याचं अंतरही साधारण तेवढंच. हे सारोस चक्र. बाबिलोनच्या ज्योतिष्यांना ते अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

आता आपलं पंचांग काढा. अठरा वर्षांचे बारा-बारा महिने म्हणजे २१६. २००९ च्या दिव्यांच्या अवसेपासून २०२७ च्या दिव्यांच्या अवसेपर्यंत अधिक मास किती? २०१०, २०१२, २०१५, २०१८, २०२०, २०२३ आणि २०२६, सात. २१६ आणि ७ मिळून २२३. बरोब्बर एक सारोस! दर वेळी असं जुळतंच असं नाही. अठरा वर्षांत कधी सहाच अधिक मास पडतात आणि ग्रहण एक महिना पुढे सरकतं. याच मालिकेतलं १९९१ चं ग्रहण ज्येष्ठ अमावास्येला होतं. आपल्या पंचांगकर्त्यांनी सारोसवर भिस्त ठेवली नाही, ही गोष्ट वेगळी. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिलं, त्यात प्रत्येक ग्रहण सूर्य-चंद्राच्या स्थानांवरून नव्यानं गणित करून काढायचं आहे. कष्टाचं काम, पण सावली कुठे पडणार हे सांगायला तेच उपयोगी. सारोस नुसतं एवढंच सांगतो की ग्रहण येणार.

कुठे, हा प्रश्न त्या वरच्या आठ तासांनी अवघड करून ठेवला आहे. तेवढ्या वेळात पृथ्वी आणखी एक तृतीयांश फिरून जाते. म्हणून २००९ ला भारत, चीनमार्गे पॅसिफिकमध्ये गेलेली सावली २०२७ ला पश्चिमेकडे सरकून स्पेनचं दक्षिण टोक, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया असा रस्ता धरते. त्याच्या पुढच्या खेपेला, १२ ऑगस्ट २०४५ ला, ती अमेरिकेत असेल. आणि तीन फेरे झाले की तीन वेळचे आठ तास मिळून दिवस पुरा होतो आणि सावली पुन्हा आपल्या बाजूच्या रेखांशांवर येते. या मालिकेपुरतं ते वर्ष २०६३. पण तोवर रस्ता बराच उत्तरेला सरकलेला असेल, मंगोलिया, चीन आणि उत्तर जपानवरून. सुरतेला काही ती परत यायची नाही.

मागे पाहिलं तर याच मालिकेत १९१९ चं ग्रहण सापडतं, ज्यात एडिंग्टन यांनी प्रिन्सिपी बेटावरून ताऱ्यांची छायाचित्रं घेऊन आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची परीक्षा केली. त्यानंतर तीन फेऱ्यांनी १९७३, तेव्हा काँकॉर्ड विमानातून शास्त्रज्ञांनी आफ्रिकेवर सावलीचा पाठलाग केला आणि ७४ मिनिटं खग्रास सूर्य पाहिला. आणखी तीन फेऱ्यांनी २०२७. तिन्ही वेळा आफ्रिका. मालिकेचा भर १९५५ ला होता, ७ मिनिटं ८ सेकंद. आता प्रत्येक खेपेला सोळा-सतरा सेकंद कमी होत चालले आहेत.

उतरत्या मालिका असतात तशा चढत्याही. २२ जानेवारी १८९८ चं ग्रहण महाराष्ट्रावरून गेलं. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते, जेऊरला पुण्याचे कावसजी दादाभाई नेगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचं पथक, वऱ्हाडातल्या तळणीला मॉन्डर दांपत्य. तिथे अ‍ॅनी मॉन्डर यांनी प्रभामंडलाचा लांबच लांब किरण छायाचित्रात पकडला. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असं आपण अभिमानानं सांगतो. पण शोधाच्या वर्षी, १८६८ मध्ये, लॉकियर इंग्लंडातच होते. किल्ल्यावर आले ते या १८९८ च्या ग्रहणाला.) त्या ग्रहणाचा सातवा फेरा म्हणजे ८ एप्रिल २०२४. टेक्सासमध्ये अंगणात खुर्च्या टाकून बसलेल्या मराठी मंडळींनी पाहिलं ते विजयदुर्गाचंच ग्रहण होतं. फक्त दोन-सव्वादोन मिनिटांचं वाढून साडेचार मिनिटांच्या जवळ गेलेलं.

लक्सरचं माप एवढं मोठं का, तेही इथेच सांगून टाकतो. ऑगस्टच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून बऱ्यापैकी लांब असते, त्यामुळे सूर्य किंचित लहान दिसतो. चंद्र जवळ, म्हणून मोठा. आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यानं त्या भागातली जमीन पृथ्वीच्या फिरण्याबरोबर सावलीच्याच दिशेनं धावते, सावली तिच्यावरून पुढे निघून जायला वेळ लागतो.

ऑगस्टात तिथे ढगांची भीती जवळपास नाही. ऊन मात्र चाळीस अंशांच्या वरचं, आणि खंडग्रास टप्पा तास-सव्वा तास त्याच उन्हात काढायचा. झाडाखाली बसलात तर पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडलेल्या दिसतील. शेवटच्या काही मिनिटांत सावल्यांच्या कडा धारदार होतात, उजेड पिवळा न होता राखाडी होत जातो. मग हिऱ्याची अंगठी, तिच्यामागोमाग प्रभामंडल. तेवढी सहा मिनिटं चष्मा काढायचा, एरवी एक क्षणही नाही. शुक्र तेव्हा सूर्यापासून काही अंशांवरच असेल. इतका लगटून असलेला शुक्र एरवी दिसतच नाही. छायाचित्रांच्या नादाला पहिल्या खेपेला लागू नये, असं माझं मत.

सौदीत नोकरीला असलेल्यांना इजिप्तला जायचंही कारण नाही. जेद्दा, मक्का दोन्ही सावलीच्या पट्ट्यात आहेत. सोमवार असल्यानं रजेचं तेवढं बघावं लागेल. महाराष्ट्रातून संध्याकाळकडे हे खंडग्रास दिसायला हवं, श्रावणाच्या तोंडावरच्या ढगांनी वाट दिली तर.

आणि परदेशी जाणं ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी एक मालिका आहे. १६ फेब्रुवारी १९८० ला गोव्याला लागून असलेल्या कारवार-अंकोल्याकडून देशात शिरून कोणार्ककडे गेलेलं ग्रहण अनेकांना आठवत असेल. पुष्कळांनी ते खिडक्या बंद करून घरात बसून घालवलं. १९९८, २०१६ असे दोन फेरे दुसरीकडे घालवून तिसऱ्या फेऱ्याला, २० मार्च २०३४ ला, ती सावली पुन्हा भारतात येते, या वेळी लडाखमध्ये, सूर्य पश्चिमेला कललेला असताना. मार्चमध्ये तिथले घाट बर्फानं बंद असू शकतात, तेव्हा ऐन दिवशी श्रीनगरहून गाडी काढू असा बेत कुणी करू नये. काही दिवस आधीच कारगिल गाठलेलं बरं. पश्चिमेचं क्षितिज डोंगरांनी अडवलेलं नाही अशी जागा शोधायलाही ते दिवस लागतील.

(पुढील आठवड्यात : ग्रहणाचे चष्मे, खरे आणि खोटे)