ड्युटी नेमकी किती तासांची?

आपल्या वस्तीतली मुलगी नर्स झाली, शिक्षिका झाली की आपण पेढे वाटतो. वाटायलाच हवेत. आजीने दुसऱ्याच्या शेतात खुरपले, आईने चार घरची धुणीभांडी केली आणि नात गणवेश घालून ड्युटीवर निघाली, हा प्रवास लहान नाही. पण ती आठवड्याला किती तास राबते, हे आपण तिला कधी विचारले आहे काय?

आम्ही आमच्या सुनेला विचारले. ती एका खाजगी इस्पितळात नर्स आहे. ती म्हणाली, "आई, रोज बारा तास आणि आठवड्याला एक सुट्टी." म्हणजे ७२ तास झाले! शिवाय पुढच्या पाळीची बाई आली नाही तर रोगी सोडून निघता येत नाही. ते जादा तास कुठेच लिहिले जात नाहीत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही ४८ तासांचीच मर्यादा ठेवली. गिरणीचा भोंगा वाजला की कामगार सुटत असे. इस्पितळाच्या वॉर्डात आणि शाळेत असा भोंगा वाजत नाही, आणि सेवेच्या नावाखाली तास वाढत जातात.

डॉक्टरसुद्धा यातून सुटलेले नाहीत. शिकाऊ निवासी डॉक्टरांना साधारणतः सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी देऊ नये, असे केंद्राच्या १९९२ च्या योजनेत म्हटले होते. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ड्युटीवरील तरुण डॉक्टर महिलेची हत्या झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाला ३६-३६ तासांच्या ड्यूट्या अमानुष आहेत, असे सांगावे लागले.

शिक्षकांना तर लोक टोमणा मारतात, "अर्ध्या दिवसाची नोकरी!" २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत. त्यात पाठाची तयारीही येते. ती तयारी आणि वह्या तपासणे रात्री घरच्या दिव्याखाली चालते, ते कोणाला दिसत नाही. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांची कामे वेगळी.

सर्वांत कठीण हिशेब आशाताईंचा. २००५ साली ही योजना आली तेव्हा दिवसाला दोन-तीन तासांचे काम धरले होते. पण मध्यरात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर ताई घड्याळ पाहत बसेल काय? २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला, पण त्यांच्या तासांचा हिशेब कोणी मांडला?

सरासरीनेही फसू नये. एका आठवड्यात ३६ तास आणि दुसऱ्यात ६० तास काम केले, तर कागदावर सरासरी ४८ च दिसते. पण शरीर सरासरीने दमत नाही. ते त्या ६० तासांच्या आठवड्यातच मोडते. अशा थकलेल्या हातात इंजेक्शन असते, हे रोग्यांनीही ध्यानात घ्यावे.

मग आपण काय करावे? घरातल्या नोकरदार लेकी-सुनांना एक साधी वही द्या. कामावर गेल्याची वेळ, सुटल्याची वेळ आणि घरी आणून केलेले काम त्यात रोज लिहावे. प्रवासाचा वेळ वेगळा मांडावा. महिन्याने बेरीज करावी. एकटीची तक्रार तोंडी राहते, पण दहा जणींच्या वह्या एकत्र आल्या की युनियनला बोलायला आधार मिळतो.

दुसरी वही घरातली. रात्रपाळी करून आलेल्या सुनेने लगेच चूल का धरावी? तिची ड्युटी इस्पितळात संपते आणि उंबऱ्याच्या आत पुन्हा सुरू होते, याला आपणच जबाबदार आहोत. आम्हीही होतो.

आता आमच्याकडे रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक मुलगा करतो. पोळ्या अजून गोल होत नाहीत. पण सून दुपारपर्यंत निवांत झोपते.