मानसशास्त्र शिकण्यास परदेशी जायचे, पण पैसा कुठून?
परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मुरूड-श्रीवर्धनकडील पालकांनी जमीन गहाण टाकण्याआधी तिच्या अटी पाहाव्यात, असे आम्हांस वाटते.

चिकित्सालयीन मानसशास्त्राला आणखी एक वाट आहे. अमेरिकेत या विषयाच्या पीएच.डी.ला बहुधा फी माफ होते, शिवाय अध्यापन-संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळते. साय.डी. मात्र बहुतेकांना स्वखर्चानेच करावी लागते. दोन्ही डॉक्टरेटच, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक! अर्थात पीएच.डी.च्या जागा थोड्या.

परतून इथे व्यवसाय करायचा तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आपली पदवी तिथे चालेल का, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.